शेत, अहवाल आणि आराखडा : तिरुनीलक्कुडी परिसराच्या संदर्भात प्रादेशिक विकास-संशोधन व नियोजन

कुंभकोणमहून कारैक्कालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तंजावूर जिल्ह्याच्या तिरुविडैमरुदूर तालुक्यात, तिरुनीलक्कुडी हे गाव आहे. नीलकंठेश्वराच्या मंदिरामुळे तमिळ शैव परंपरेत त्याला मानाचे स्थान आहे. सातव्या शतकातील अप्पर या संतकवीने या क्षेत्रावर पदे रचली आणि दैवताची ओळख करून देताना गावच्या लांबवर पसरलेल्या भातखाचरांचाही उल्लेख केला. देवाचे वर्णन करताना पिकाचे वर्णन आपोआप यावे, इतके या भूमीचे भाताशी एकरूपत्व जुने आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा मुलूख आजही मुख्यतः भातावरच जगतो. आणि गेल्या शंभर वर्षांत भारतातील ज्या थोड्या ग्रामीण प्रदेशांवर सर्वाधिक संशोधन झाले, त्यांत त्याची गणना करावी लागते. म्हणूनच प्रादेशिक विकासाचे संशोधन प्रत्यक्ष नियोजनापर्यंत व धोरणनिर्मितीपर्यंत कसे पोहोचते, कोठे अडते आणि अडले तर त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न येथे जितक्या स्पष्टपणे पाहता येतो तितका अन्यत्र क्वचितच येईल.

प्रारंभीच एका साध्या अडचणीची नोंद करणे इष्ट ठरेल. 'नीलक्कुडी' हे नाव या भागात एकाच गावाचे नाही. शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यातही नीलक्कुडी आहे. २००९ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू केंद्रीय विद्यापीठाचा परिसर तेथेच आहे. केवळ नावावरून माहिती गोळा करणारा अभ्यासक एका गावाचे पर्जन्यमान दुसऱ्याच्या खात्यावर टाकू शकतो. जनगणना यंत्रणेने प्रत्येक महसुली गावाला स्वतंत्र संकेतांक दिला तो याच कारणासाठी. तथापि सहकारी पतसंस्थेची वही, पाटबंधारे खात्याचा नकाशा, कृषी खात्याचे तक्ते आणि पंचायतीचे दप्तर ही सारी एकाच संकेतांकाने बांधलेली असतातच असे नाही. पाटबंधारे खाते कालव्याच्या लाभक्षेत्राचा विचार करते, महसूल खाते गावाचा, तर विकास खाते गटाचा. एकाच शेताचे असे तीन पत्ते असले की त्या शेताविषयीचे ज्ञान तीन ठिकाणी विभागले जाते, आणि नियोजनकाराच्या मेजावर ते एकत्र येईपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो.

आडुतुरैचे बियाणे आणि तंजावूरची पॅकेज योजना

तिरुनीलक्कुडीपासून काही किलोमीटरवर आडुतुरै हे गाव आहे. तेथे १९२२ साली कृषी संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तमिळनाडू भात संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. या संस्थेच्या वाणांना गावाच्या नावाची आद्याक्षरे लाभली आहेत : एडीटी २७, एडीटी ३६, एडीटी ४३ इत्यादी. संशोधन प्रयोगशाळेतून शेतात जाण्याचा मार्ग किती आखूड असू शकतो याचे हे उदाहरण होय. जेथे वाण तयार होतो तेथलीच माती, तेथलाच पाट आणि तेथलाच पाऊस. शेतकरी सायकलवरून जाऊन प्रयोगक्षेत्रातील पीक पाहू शकतो आणि न पटल्यास तसे सांगूही शकतो.

या प्रदेशातील भाताचे हंगाम समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळणार नाही. जून-जुलैमध्ये लावून सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचे अल्पमुदतीचे पीक ते कुरुवै. ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीत निघणारे दीर्घमुदतीचे पीक ते सांबा. आणि कुरुवै निघाल्यावर त्याच खाचरात घेतले जाणारे दुसरे पीक ते ताळडी. कुरुवै सर्वस्वी नदीच्या पाण्यावर अवलंबून असते, कारण या भागाचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबरनंतरचा. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाल्यापासून १२ जून हा पाणी सोडण्याचा प्रघाताचा दिवस मानला जातो. महाराष्ट्रातील शेतकरी मृगाकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने येथील शेतकरी या तारखेकडे पाहतो.

१९५९ साली फोर्ड फाउंडेशनने पुरस्कृत केलेल्या तज्ज्ञगटाने भारताच्या अन्नसमस्येवर अहवाल दिला. त्यातून १९६०-६१ मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रम आकारास आला. बोलीभाषेत त्याला 'पॅकेज योजना' म्हणत. प्रारंभी निवडलेल्या सात जिल्ह्यांत तंजावूर होता. त्याच्या जोडीला पश्चिम गोदावरी, शहाबाद, रायपूर, लुधियाना, अलिगढ आणि पाली हे जिल्हे होते. निवडीचा निकष सरळ होता : जेथे पाण्याची हमी आहे तेथे बियाणे, खत, पतपुरवठा आणि सल्ला एकाच वेळी पुरवावा, म्हणजे उत्पादन लवकर वाढेल. साठच्या दशकाच्या मध्यास आडुतुरै केंद्राने जपानी व भारतीय भाताच्या संकरातून सिद्ध केलेला एडीटी २७ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. तो अल्पमुदतीचा असल्याने कुरुवै हंगामास योग्य होता; कुरुवै वेळेवर निघाले की ताळडीला अवसर मिळत असे. दोन पिकांखालील क्षेत्र वाढले आणि धान्यही वाढले. संशोधन आणि नियोजन यांची सांगड याहून अधिक घट्ट असू शकत नाही, असे तत्कालीन प्रशासनास वाटले असल्यास त्यात नवल नाही.

परंतु या सांगडीत एक मोठी फट राहून गेली होती. पॅकेज योजनेचा पाया म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाने तयार होणारा शेतीचा आराखडा आणि त्यावर आधारलेले सहकारी कर्ज. आराखडा ज्याच्या नावे, तो जमिनीचा धारक असला पाहिजे किंवा त्याच्याजवळ कुळवहिवाटीचा लेख तरी असला पाहिजे. तंजावूरमध्ये मंदिरे, मठ आणि मिरासदार यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर तोंडी कराराने कसल्या जात. ज्याच्यापाशी कागद नाही असे कूळ आणि ज्याच्यापाशी जमीनच नाही असा मजूर, हे दोघेही योजनेच्या आखणीत बसत नव्हते. फ्रान्सिन फ्रँकेल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या हरितक्रांतीच्या अभ्यासात तंजावूरसह पाच जिल्ह्यांचा विचार केला आहे. उत्पादनातील वाढ आणि तिच्या लाभातील विषमता या दोन गोष्टी तेथे एकत्र मांडलेल्या दिसतात. त्यावेळपर्यंत मात्र उशीर झाला होता.

जे लिहिलेले होते

ही फट पूर्वी कोणी पाहिलीच नव्हती काय? तसे म्हणता येत नाही. मद्रास विद्यापीठातील भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना सुटीत खेड्यांच्या पाहणीसाठी धाडले. त्यातून १९१८ साली दक्षिण भारतीय खेड्यांचा जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यात तंजावूर जिल्ह्यातील पालकुरिच्ची या गावाचा समावेश होता. पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्याच खेड्यांची पुनर्पाहणी करून १९४० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच गावाकडे पुन्हा पुन्हा जाण्याची ही परंपरा भारतीय समाजविज्ञानाचे खरे धन आहे. एका वेळच्या पाहणीतून स्थिती कळते, बदल कळत नाही.

पुढे कॅथलीन गॉफ यांनी १९५१ ते १९५३ या काळात तंजावूर जिल्ह्यातील दोन गावांत वास्तव्य केले. गावांची खरी नावे झाकून त्यांनी त्यांना कुंबापेट्टै आणि किरिप्पूर अशी नावे दिली. आंद्रे बेतेई यांनी १९६१-६२ मध्ये याच जिल्ह्यातील एका अग्रहाराच्या गावात क्षेत्रकार्य केले आणि त्यास श्रीपुरम् हे नाव दिले. त्यांचे पुस्तक १९६५ साली आले. जात, वर्ग आणि सत्ता या तीन गोष्टी पूर्वी एकाच समूहाच्या हाती एकवटलेल्या होत्या. त्या आता एकमेकींपासून सुट्या होत आहेत, आणि राजकीय सत्ता ब्राह्मणांकडून ब्राह्मणेतरांकडे गेली तरी भूमिहीनांचे स्थान फारसे बदललेले नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

येथे वर्षांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ज्या वर्षी पॅकेज योजनेचे कर्मचारी तंजावूरच्या खेड्यांत शेतीचे आराखडे भरून घेत होते, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात एक तरुण समाजशास्त्रज्ञ जमीन कोणाची, राबतो कोण आणि निर्णय कोण घेतो याची नोंद करीत होता. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, दोन प्रकारचे ज्ञान गोळा होत होते. एकाचा प्रवास कृषी खात्याकडे होता, दुसऱ्याचा परदेशी विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे. त्यांची गाठ पडावी अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. मजुरीचा प्रश्न शासनास अज्ञात होता असेही नाही. १९५२ सालीच तंजावूरच्या कुळांसाठी आणि 'पण्णैयाळ' म्हणजे सालदारासारख्या बांधील शेतमजुरांसाठी विशेष कायदा करावा लागला होता. पण कायदा करणारा विभाग वेगळा आणि उत्पादन वाढविणारा विभाग वेगळा.

धान्य वाढले तसा मजुरीतील वाढीचा आग्रहही वाढला. पूर्व तंजावूरमध्ये शेतमजूर संघटना आणि भूधारकांची संघटना यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जण एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यानंतर चौकशी आयोग आला, १९६९ साली शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा आला आणि त्याच वर्षी कुळांच्या हक्कांची नोंद करण्याचा कायदाही आला. ज्या कागदाअभावी कूळ पॅकेज योजनेबाहेर राहिले, तो कागद देण्याची तजवीज योजना सुरू झाल्यानंतर नऊ वर्षांनी झाली. ग्रंथ वाचले असते तर हत्याकांड टळले असते, असा सरळ कार्यकारणभाव जोडणे अभ्यासास शोभणारे नाही. मात्र कुळाची नोंद आधी आणि कर्जाचा आराखडा नंतर, हा क्रम तत्कालीन ज्ञानाच्या आधारे निश्चितपणे सुचू शकला असता.

या परंपरेचा एक अलीकडील धागा आशादायक आहे. स्लेटर यांच्या मूळ पाहणीतील इरुवेलपट्टू या गावाचा पुन्हा अभ्यास १९८० च्या दशकात मद्रास विकास अध्ययन संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी केला आणि २००८ साली जॉन हॅरिस, जे. जयरंजन व के. नागराज यांनी केला. यांपैकी जयरंजन २०२१ साली तमिळनाडू राज्याच्या नियोजन यंत्रणेचे उपाध्यक्ष झाले. खेड्यातील बांधावर प्रश्नावली भरणारा अभ्यासक नियोजनाच्या मेजावर बसतो, हा प्रकार महाराष्ट्रास अपरिचित नाही. वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करणारे धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे जे सूत्र १९६९ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यामागे ही पाहणीची शिस्त उभी आहे. व्यक्ती दोन्हीकडे असली की सांधा जुळतो. प्रश्न व्यक्तीच्या पश्चात तो टिकविण्याचा आहे.

पंचवीस चौरस मीटर

संशोधनातील एखादा तांत्रिक तपशील धोरणात शिरून शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेपर्यंत कसा जातो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पीककापणी प्रयोग. एका गावात भात एकरी किती पिकला हे ठरविण्यासाठी सगळे गाव मोजता येत नाही. म्हणून यादृच्छिक पद्धतीने काही शेते निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातील पीक कापून, झोडून, वजन करायचे आणि त्यावरून गावाची सरासरी काढायची. ही पद्धत शास्त्रीय पायावर उभी करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा मोठा आहे.

१९४० च्या दशकात या चौकोनाच्या आकारावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मतभेद झाला. महालनोबिस यांचा कल लहान आकाराचे पुष्कळ तुकडे कापण्याकडे होता. तुकडा फार लहान असला तर उत्पादन प्रत्यक्षाहून अधिक दिसते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. कारण समजण्यास सोपे आहे. चौकोनाच्या कडेवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर, असा पेच पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा भाग क्षेत्रफळाच्या मानाने मोठा. आणि तितकी चूक मोठी. हा वाद त्या वेळी संख्याशास्त्राच्या नियतकालिकांपुरता वाटला असेल. आज त्याला पैशाचे मोल आले आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत नुकसानभरपाई एकेका शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाही, तर विमा घटकाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. प्रमुख पिकांसाठी हा घटक गाव किंवा ग्रामपंचायत असतो. अशा घटकात एका पिकासाठी किमान चार पीककापणी प्रयोग करावयाचे असतात. भाताचा चौकोन सामान्यतः ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे २५ चौरस मीटरचा. चार चौकोन म्हणजे एकूण १०० चौरस मीटर जमीन. तेवढ्यावरून संपूर्ण गावाचा निकाल लागतो. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला ठरावीक जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. चालू वर्षाचे उत्पादन त्याच्या खाली जितके जाईल, त्या प्रमाणात विमा रकमेतून भरपाई.

हे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहू. उंबरठा उत्पादन हेक्टरी ४,००० किलो आणि विमा रक्कम हेक्टरी ८०,००० रुपये धरली. प्रत्यक्ष उत्पादन ३,००० किलो आले, तर तूट २५ टक्के आणि भरपाई २०,००० रुपये. आता चौकोन आखताना कडेची रोपे आत घेतली गेली आणि उत्पादन केवळ पाच टक्क्यांनी अधिक, म्हणजे ३,१५० किलो नोंदले गेले असे समजू. तूट २१.२५ टक्के होते आणि भरपाई १७,००० रुपये. हेक्टरी तीन हजार रुपयांचा फरक दोरी कशी ताणली यावर अवलंबून आहे. उलट दिशेने झालेली चूक विमा कंपनीस तितकीच जड जाते. म्हणूनच या प्रयोगांवर दोन्ही बाजूंचा संशय असतो. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांसाठी उपग्रह व प्रतिमानांवर आधारित अनुमानास ३० टक्के भार देण्याचे ठरले. संशय कमी करण्याचा तो एक मार्ग आहे. मात्र सांब्याच्या वेळी आकाशात ढग असतात, खाचरांचे तुकडे लहान असतात आणि एकाच पाटावर कोणी लावणी केलेली असते, कोणी पेरलेले असते. चंद्रपूर-भंडाऱ्याकडे ज्याला आवत्या म्हणतात तशी पेरणी या प्रदेशात पाण्याच्या ओढीच्या वर्षी वाढते. लावणीचे आणि पेरणीचे पीक एकाच दिवशी एकाच अवस्थेत नसते. हे बांधावरच्या माणसास ठाऊक असते. प्रतिमानास ते कोणीतरी सांगावे लागते.

एकक कोणते

नियोजनासाठी कोणते भौगोलिक एकक घ्यावे, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न वस्तुतः न्यायाचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक असमतोल सत्यशोधन समितीने १९८४ साली अहवाल दिला. समितीने जिल्हा हे एकक मानले, निरनिराळ्या क्षेत्रांत राज्य सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली आणि ती सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची ठरविली. 'अनुशेष' हा शब्द त्यातून मराठी राजकारणात रुजला. संशोधनाने धोरणास केवळ आकडा दिला नाही, तर भांडण्यासाठी शब्द दिला, असे याचे वर्णन करता येईल. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक स्वीकारले, कारण पुढारलेल्या जिल्ह्यातील दुष्काळी तालुका जिल्ह्याच्या सरासरीत दडून जातो.

कावेरीच्या मुलखात हेच तत्त्व पाण्याच्या बाबतीत दिसते. पाटाच्या मुखाशी असलेले गाव आणि त्याच पाटाच्या शेवटी, समुद्राजवळ असलेले गाव, दोन्ही एकाच जिल्ह्यात असू शकतात. धरणातून सोडलेल्या पाण्याचा जिल्हावार आकडा दोघांसाठी एकच. शेवटच्या गावात पाणी पोहोचले कधी, हे त्यात नसते.

पाण्याचा निवाडा

कावेरीच्या अभियांत्रिकीत स्थानिक ज्ञानाचा स्वीकार पूर्वीच झाला होता. आर्थर कॉटन याने १८३६ मध्ये कोळ्ळिडमवर वरचा बंधारा बांधला, तेव्हा वाळूच्या तळावर पाया कसा रोवावा हे चोळकालीन कल्लणैच्या बांधणीपासून शिकल्याचे इंग्रज अभियंत्यांनीच मान्य केले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र पाण्याचा प्रश्न बंधाऱ्यापेक्षा न्यायालयात अधिक रेंगाळला. १९९० साली स्थापन झालेल्या लवादाने २००७ मध्ये अंतिम निवाडा दिला आणि तमिळनाडूच्या वाट्यास ४१९ टीएमसी पाणी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यात १४.७५ टीएमसीची घट करून ते कर्नाटकास दिले. यांपैकी ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या गरजेसाठी होते. उरलेल्या १० टीएमसीमागील युक्तिवाद असा, की तमिळनाडूच्या त्रिभुज प्रदेशात वापरता येण्याजोगे भूजल आहे आणि ते हिशेबात धरले पाहिजे.

भूजलशास्त्रज्ञांनी केलेल्या अनुमानांनी येथे आंतरराज्य वाटपाचे आकडे बदलले. संशोधन धोरणापर्यंत पोहोचत नाही, ही नेहमीची तक्रार या ठिकाणी लागू पडत नाही. ते पोहोचले, आणि फार वर पोहोचले. खाली काय उरले, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे. संपूर्ण त्रिभुज प्रदेशाचे भूजल म्हणून सांगितलेली राशी कुंभकोणम-आडुतुरै पट्ट्यात गोड पाण्याच्या रूपाने मिळते, आणि किनाऱ्याकडे तीच खारी होत जाते. तिरुनीलक्कुडी परिसरातील कूपनलिकावाला शेतकरी मेट्टूरची वाट न पाहता कुरुवैची रोपवाटिका टाकू शकतो. वेदारण्यमच्या बाजूच्या शेतकऱ्यास ती सोय नाही. निवाड्यातील सरासरी दोघांवर सारखीच आकारली गेली. राज्याच्या आत ती कशी वाटायची, हा प्रश्न नियोजनाचा होता आणि तो न्यायालय सोडवू शकत नव्हते.

२०२० साली तमिळनाडूने संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा केला. तंजावूर, तिरुवारूर आणि तत्कालीन नागपट्टणम हे जिल्हे, तसेच कडलूर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांतील काही विकासगट त्याखाली आले, आणि तेल, नैसर्गिक वायू, मिथेन यांच्या नव्या उत्खननास तेथे मनाई झाली. त्यामागे अनेक वर्षांचे शेतकरी आंदोलन होते. तरीही २०२३ च्या मार्चमध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत याच प्रदेशातील कोळसापट्टे आले आणि राज्याच्या हरकतीनंतर एप्रिलमध्ये ते वगळण्यात आले. एका शासनाच्या नकाशात संरक्षित असलेले क्षेत्र दुसऱ्याच्या नकाशात खनिजाचा पट्टा म्हणून राहू शकते, हे त्यातून दिसले. आधी सांगितलेल्या तीन पत्त्यांचाच हा मोठा अवतार होय. शिवाय कायदा काय होऊ नये हे सांगतो. भातावर जगणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न कशाने वाढावे, याचे उत्तर मनाईत नसते.

अहवालाची भाषा

मराठीच्या अभ्यासकास या प्रदेशाविषयी विशेष आस्था असण्याचे कारण उघड आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावूरला भोसले घराण्याची गादी होती. कुंभकोणमच्या परिसरात मराठी भाषकांची वस्ती रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तरात अन्नछत्रांचे जमाखर्च, देवस्थानांच्या नेमणुका, धान्याची आवक-जावक अशा प्रशासकीय नोंदी आहेत. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा तमिळ अभ्यासकांस आपल्याच मुलखाची ही माहिती प्रथमच आपल्या भाषेत वाचता आली. राज्यकारभाराची भाषा आणि प्रजेची भाषा भिन्न असली की ज्ञान दप्तरात बंद होते, याचा हा जुना दाखला आहे.

नवा दाखला त्याहून वेगळा नाही. स्लेटर, गॉफ, बेतेई, फ्रँकेल यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. लवादाचा निवाडा इंग्रजीत आहे. पीकविम्याच्या मार्गदर्शक सूचनाही मुळात इंग्रजीतच लिहिल्या जातात. भाषांतराचा अर्थ केवळ शब्दांस शब्द देणे नव्हे. कुरुवैला 'अल्पमुदतीचे खरीप भात' म्हटले की त्यातून मेट्टूरचा दिवस, ताळडीचा अवसर आणि मजुरीचा हंगाम हे सारे गळून पडते. उत्तरेकडील खरीप-रब्बी ही विभागणी ईशान्य पावसाच्या प्रदेशास मुळातच तोकडी आहे. नियोजनाच्या तक्त्यात स्थानिक हंगामनामे जशीच्या तशी ठेवणे हा भाषिक अभिमानाचा नव्हे, तर अचूकतेचा भाग आहे. महाराष्ट्रातील कृषी खात्याच्या कागदांत 'आवत्या' किंवा 'वाफसा' हे शब्द असतात तेव्हा तक्ता भरणारा आणि शेत कसणारा एकच गोष्ट बोलत असतात.

याच दृष्टीने एक सूचना विचारार्ह वाटते. तमिळनाडूत ग्रामसभांच्या ठरलेल्या दिवसांत २०२२ पासून २२ मार्च आणि १ नोव्हेंबर या दोन दिवसांची भर पडली आहे. सांब्याची कापणी फेब्रुवारीपर्यंत बहुतांशी उरकते. त्या गावात पीककापणीसाठी कोणती चार शेते निवडली, चौकोन कोणत्या तारखेस आखला, लावणीचे पीक होते की पेरणीचे, ओले वजन किती व सुकल्यावर किती भरले, आणि मागील सात वर्षांचे आकडे काय होते, एवढी माहिती एका पानावर, तमिळमध्ये, २२ मार्चच्या सभेत वाचून दाखविता येईल. कुरुवैच्या उत्पादनाचे आकडे १ नोव्हेंबरला वाचता येतील. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, नवा निधी लागत नाही. आकडे आधीच कोणाच्या तरी वहीत किंवा भ्रमणध्वनीवर नोंदलेले असतात. ज्याच्या शेतात दोरी ताणली गेली तो शेतकरी सभेत बसलेला असेल, आणि कडेची रोपे आत धरली की बाहेर, हे तो सांगू शकेल.